पेटीवरचा पत्ता

लष्करातल्या जुन्या सामानावरच्या खुणा वाचण्यात माझी हयात गेली. पुसट नंबरावरूनही मी पलटण आणि साल सांगतो. छावणीच्या गुरुवारच्या बाजारात असलं सामान घेतलेले लोक मग माझ्या ओट्यावर येतात.

देवगाव रंगारीचा कडूबा अशीच एक काळी पत्र्याची पेटी घेऊन आला. त्याचा पोरगा सत्यम पुढच्या आठवड्यात फौजेत भरती व्हायला निघणार होता.

"सदाशिवराव, हिचा जुना मालक घरी आला व्हता का, तेवढं बघा. मंग पोराचं नाव टाकू."

ते कळतं. नोकरी संपवून निघालेला जवान पेटीवर पलटणीऐवजी आपल्या गावाचा पत्ता रंगवतो. जो जिवंत परतत नाही, त्याची पेटी मात्र पलटणच तसा पत्ता टाकून घरी धाडते.

मी पॉलिश पेपरनं घासायला घेतलं. काळ्या रंगाखाली एक नंबर निघाला, साल १९८७. त्याखालच्या हिरव्या थरात दुसरी पलटण, १९७१. गावाचा पत्ता कुठंच नव्हता.

सगळ्यात खाली, अगदी पत्र्याला लागून, पांढरी अक्षरं दिसली. आधी गाव उमटलं: देवगाव रंगारी.

"आमच्याच गावचा व्हय?" कडूबा पुढं सरकला. "नाव काय हाय?"

मी अक्षरांवर तळहात दाबून धरला. "झिजलंय. वाचता येत नाही."

"पण आला ना घरी?"

"पेटी आली, एवढं नक्की."

त्याचं समाधान झालं. मी मात्र हात उचलला नाही. हाताखाली सत्यमचं नाव होतं, आणि त्याचा रंग अजून ओला होता.