अष्टभुजा

श्रियाचा मेसेज आला तेव्हा सोनलचा एक हात कणकेत होता, मान वाकडी करून खांद्याशी धरलेल्या फोनवर खोपटला राहणारी बहीण बोलत होती आणि समोर लॅपटॉपवर मीटिंग नुकतीच संपली होती. मेसेज एवढाच होता : “अगं, तुझा माईक पूर्ण वेळ चालू होता.”

सोनलनं बहिणीला काही न सांगता फोन ठेवून दिला.

ठाण्यातल्या एका विमा कंपनीत ती क्लेम तपासायची, आठवड्यातले तीन दिवस कोपरच्या घरातून. ऑफिसात तिला अष्टभुजा म्हणत आणि तिला ते आवडायचं. मीटिंग ऐकता ऐकता क्लेम, क्लेम बघता बघता भाजी निवडणं, त्यातच बहिणीशी गप्पा. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असं म्हणणारी माणसं मुळात आळशी असतात, असं तिचं ठाम मत होतं.

टीम लीडचं नाव या महिन्यात ठरायचं होतं. ते एक तर सोनलचं असणार होतं, नाही तर हेमाचं. हेमा म्हणजे एक फाइल उघडली की ती संपेपर्यंत चहालाही न उठणारी. ती दोन गल्ल्या सोडून राहायची. संक्रांतीला हळदीकुंकवाला आली आणि वाण घेऊन उठायचं सोडून सोनलच्या सासऱ्यांशी, अण्णांशी, तासभर बोलत बसली. एवढा वेळ लोक आणतात कुठून, हे सोनलला कोडंच होतं.

आता ती सकाळपासून आपण काय काय बोललो ते आठवू लागली आणि तिचे कान तापले. बहिणीला तिनं सांगितलं होतं की प्रशांत सरांना मीटिंग घ्यायला बसवलंय की कीर्तनाला, तेच कळत नाही. हेमाला टीम लीड केलं तर दिवाळी येईल, पण पहिली फाइल संपायची नाही, हेही तिनंच म्हटलं होतं. वर दोघी बहिणी खूप हसल्या होत्या.

तिनं श्रियाला फोन लावला आणि मला कोणी सांगितलं का नाही, म्हणून उलट तिच्यावरच चिडली. श्रिया म्हणाली, सगळे ओरडत होते, पण बहिणीचं नीट ऐकू यावं म्हणून सोनलनं लॅपटॉपचा आवाजच बंद केला असणार. फोन लावला तर तो बिझी. आणि दुसऱ्याचा माईक बंद कसा करायचा, हे काही प्रशांत सरांना अजून जमलेलं नाही.

“काय काय ऐकू आलं?” सोनलनं विचारलं.

“सगळंच ऐकू आलं गं.” श्रियाचा आवाज एकदम मऊ झाला. “सर बोलणार आहेत तुझ्याशी. त्यांनीच सांगितलंय, मी बोलतो म्हणून. तू घाबरू नकोस. काही लागलं तर सांग.”

नोकरी जायची वेळ आली की माणसं अशीच गोड बोलतात, हे सोनलला माहीत होतं.

“आणि हेमा?”

“ती मध्येच उठून गेली. अर्ध्या दिवसाची रजा टाकली.”

म्हणजे हेमाच्या जिव्हारी लागलं. सोनलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं हेमाला माफीचा मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहून पाठवला. हेमानं तो पाहिलासुद्धा नाही.

नवरा, सलिल, कामासाठी नाशिकला गेला होता. अण्णाही बाहेर गेले होते, ते त्यातल्या त्यात बरं. मीटिंग चालू असताना ते इस्त्रीचा शर्ट घालून दोनदा दाराशी आले, काहीतरी म्हणाले, तिनं हो म्हटलं, आणि ते गेले. बसले असतील कट्ट्यावर. सासऱ्यांसमोर हे पडलेलं तोंड घेऊन वावरावं लागलं नाही.

सरांचा फोन आला तेव्हा तिनं त्यांना बोलूच दिलं नाही. माफी मागितली, दोनदा मागितली. कीर्तनाचं आपण चेष्टेत म्हणालो, हेमाबद्दल बोललो ते तर शोभणारं नव्हतंच, आणि टीम लीडचं काय ते तुम्ही ठरवा, माझी तक्रार नाही, असंही तिनं सांगून टाकलं.

“कीर्तनाचं सोड,” सर म्हणाले. “माझी बायकोही तेच म्हणते. सोनल, तू अजून घरीच आहेस?”

“हो सर. का?”

“अण्णा आले होते ना मघाशी तुझ्याकडे? म्हणाले, ‘गळ्याच्या गाठीचा रिपोर्ट आज मिळणार आहे, बरोबर येतेस का, एकट्याला भीती वाटते.’ तू म्हणालीस, ‘हो अण्णा.’ बराच वेळ थांबले बिचारे. मग येऊन म्हणाले, ‘मी निघू का?’ तू म्हणालीस, ‘हो, सावकाश जा.’”

कुठली गाठ, कधीपासून, हे सोनलला काहीच आठवेना. अण्णा कधीतरी बोललेही असतील.

“सर, ते आत्ता कुठे—”

“हेमाही आज घरूनच काम करत होती, तेव्हाच लॅपटॉप मिटून धावली. रिक्षा स्टँडवर गाठलं त्यांना.” सरांचा आवाज खाली आला. “आत्ताच तिचा फोन येऊन गेला. डॉक्टरांनी विचारलं, आजोबा, बरोबर घरचं कोणी आलंय का? अण्णांनी हेमाकडे बोट दाखवलं.”