शेवटच्या बटणानंतर

अंधांसाठीची यंत्रं तपासणाऱ्याने खोटं बोलू नये, हे भाऊजींचं आवडतं तत्त्व होतं. खोटं ते एकदाच बोलले, आणि तेही घरातल्याच माणसाशी.

"डोळे मिटून तपासलंत ना, भाऊजी?" अंध वहिनींनी विचारलं. उद्यापासून त्यांची नोकरी याच संगणकावर होती.

"म्हणजे काय, वहिनी!"

प्रत्यक्षात भाऊजींनी ते काम डोळे सताड उघडे ठेवून, चहा पिता पिता उरकलं होतं.

वहिनींनी पडद्यावरून बोट उजवीकडे सरकवलं. बोट सरकेल तसतसा संगणक पुढचं बटण वाचू लागला.

"शोधा. जतन करा. बंद करा."

इथे बटणं संपत होती. यापुढे नुसतं 'टक्' वाजायला हवं होतं. वहिनींनी पुन्हा बोट सरकवलं.

"टेबल," संगणक म्हणाला.

भाऊजींनी पडद्याकडे पाहिलं. तिथे तसं काहीच नव्हतं.

"चहाचा कप. रिकामा."

कप त्यांच्या कोपरापाशी होता.

"भाऊजी. डोळे उघडे."

त्यांचे कान शरमेने तापले. त्यांनी झटकन डोळे मिटले. अंधारात काचेवरून बोट सरकल्याचा आवाज आला.

"भाऊजी. आता मिटले."

"चालतंय की छान," वहिनी म्हणाल्या.