इंजिन बंद पडल्यावर

योगेश्वरीने पुढचं दार उघडलंच नाही. मागच्या दाराला धरून ती वर चढली, बॅग पायाशी ठेवली आणि खिडकीकडे सरकून बसली.

“पुढं बस ना,” लोकेंद्र म्हणाला.

“इथंच बरी आहो मी.”

त्याने आग्रह केला नाही. किल्ली फिरवली. गाडी अशी गरजली की समोरच्या घरातल्या मनिरामने ओसरीतून मान बाहेर काढून पाहिलं.

नवेगावबांधला तिच्या भाचीचं साक्षगंध होतं. घरची छोटी गाडी राइस मिलच्या कामाला गोंदियाला गेली होती, नाही तर तिने या गाडीत पाऊल ठेवलं नसतं. तीन वर्षांत ठेवलं नव्हतं.

गाडी मोठी नावाजलेली. इटलीतल्या, शर्यतीसारख्या मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीने वाळवंटात पळवायला म्हणून काढलेली. जगात मोजक्याच. बारा सिलिंडरचं इंजिन, आत मऊ चामड्याच्या सीटा, कमरेपर्यंत येणारी चाकं. फिरत फिरत ती रायपूरच्या एका कारखानदाराकडे आली आणि त्याच्याकडून लोकेंद्रने घेतली, तेव्हाच वीस वर्षं जुनी होती. आमगावात तिला सगळे रणगाडा म्हणत.

गाडी घेतली त्याच्या आदल्या वर्षी त्यांचा ओमेश्वर गेला होता. एकुलता एक. कॉलेजच्या सुट्टीत घरी आला, ताप डोक्यात चढला आणि नागपूरला पोचायच्या आत सगळं संपलं. तेरवी झाली आणि लोकेंद्रने पोराची मोटारसायकल देऊन टाकली. कपडे देऊन टाकले. बैठकीतला फोटो काढून कपाटात ठेवला. त्यानंतर त्याच्या तोंडून मुलाचं नाव तिने ऐकलं नाही. ती विषय काढायची, की तो चपला घालून मिलकडे निघायचा. मग तिनेही काढायचं सोडलं. ताट वाढलं, लाइट गेली, गॅस संपला, एवढंच काय ते बोलणं उरलं.

अशा घरात त्याने ही गाडी आणली. मिलचा मुनीम हिरालाल रायपूरला सोबत गेला होता. तो हसत हसत सांगत होता, “वहिनी, तो सेठ सीटा दाखवे, इंजिन दाखवे. आपल्या भाऊनं एकच विचारलं, आत आवाज किती येते? तो म्हणे, बहुत आता है, बाजूवाले का बोलना भी सुनाई नहीं देता. तसा भाऊनं सौदा पक्का केला!”

तिला हसू आलं नाही. पोरगं जाऊन पुरतं वर्ष झालं नाही आणि याला खेळणं सुचतं, हे तिच्या मनात बसलं ते बसलंच. रोज संध्याकाळी तो एकटाच गाडी काढी. देवरीच्या रस्त्याला लागे आणि अंधार पडल्यावर परत येई. कुठं गेले होते म्हणून विचारलं, की “असंच” म्हणे. गाव म्हणायचं, पैसा चढला. तिला त्याहून वाईट वाटायचं. ओमूसाठी रडणारी या घरात आपण एकटीच उरलो, असं वाटायचं.

सडक अर्जुनीजवळ हायवे सोडून गाडी नवेगावच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंनी जंगल, मोहाची पानं झडलेली. इंजिनाच्या आवाजाने सीट थरथरत होती. समोर लोकेंद्रची पाठ होती. घरात तरी तिला दुसरं काय दिसत होतं? पायाशी ठेवलेल्या बॅगेत साक्षगंधाला लागणार नाहीत इतक्या साड्या होत्या. भावाशी बोलणं झालं होतं. एवढं याला सांगितलं की झालं.

“अजी,” ती म्हणाली, “मी आता परत येत नाही. भावाकडंच राहीन.”

त्याला ऐकू गेलं नाही. ती पुढे वाकून मोठ्याने म्हणाली. इंजिनाने तेही गिळलं. ती मागे टेकली. तिकडे पोचल्यावर सांगू, चार लोकांसमोर.

पुढच्या वळणावर गाडीने दोन गचके खाल्ले. पेट्रोल संपलं होतं, काट्याकडे त्याचं लक्षच नव्हतं. इंजिन एकाएकी बंद पडलं. उतार होता, तेवढी जड गाडी आपल्याच वजनाने पुढे जात राहिली. टायरांची सरसर तेवढी उरली आणि लोकेंद्रचा आवाज. सावकाश, जेवताना बोलावं तसा. तो बाजूच्या रिकाम्या सीटशी बोलत होता.

“...अन् आज तुही आई बी आली आहे, ओमू. मागं बसून आहे. बोलत नाही माह्याशी. रागावून आहे. पण आली पाह्य...”

स्वतःचाच आवाज कानावर पडला आणि तो थांबला.

गाडीही थांबली. त्याने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. मागे वळून पाहिलं नाही. त्याची मान मात्र खाली गेली, चोरी पकडली गेल्यासारखी.

योगेश्वरी हलली नाही. जंगलात कुठेतरी लाकूड तोडल्याचा आवाज येत होता. तीन वर्षांच्या सगळ्या संध्याकाळी तिच्या डोळ्यांसमोरून गेल्या. तिने पदराने तोंड पुसलं, दोन सीटांच्या मधून पुढे वाकली आणि नवऱ्याकडे नाही, त्याच्या बाजूच्या रिकाम्या सीटकडे बघून म्हणाली,

“ओमू, बाबाले म्हन, जरा मोठ्यानं बोला. मले मागं आयकू येत नाही.”