बंद पडणारा रेडिओ

वामनरावनं सायकल कापसाच्या पराटीच्या कुंपणाला टेकवली आणि कॅरिअरवरची बॅटरी सोडली. बॅटरी मोटारीची, काळी आणि जड. एका हातात धरली की माणूस त्या अंगाला कलतो. वलगावला जाईबाईच्या आळीत वीज नव्हती, तिचा रेडिओ हिच्यावरच चालायचा.

म्हणजे चालायला हवा होता. भरलेली बॅटरी जोडली की तो लगेच बोलायचा, आणि आठवडा निघायच्या आत एका सकाळी खुंटी फिरवावी तर ढिम्म. वामनरावनं तारा बदलल्या, टोकांवरचा हिरवा कीट खरवडला, आतले काचेचे व्हॉल्व्ह नवे बसवले, बॅटरीसुद्धा बदलून पाहिली. वलगावातच दुसऱ्या एका घरी तसलाच रेडिओ महिना महिना बिनतक्रार चालत होता. शेवटी जाईबाईचा मुलगा शेषराव नागपूरहून येता येता अमरावतीला वामनरावच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात डोकावून गेला. म्हणाला, "भाऊ, या बारीनं बंद पडला तं उचलूनच आना. इकून टाकू. मायले कायले ताप?"

एरवी वामनराव दुपारचा यायचा. आज गावात दुसरं काम होतं, म्हणून सकाळीच आला.

जाईबाई अंगणात सडा टाकत होती. त्याला पाहिलं आणि तिचा हात बादलीतच राहिला.

"एवढ्या सकाळी काहून आला रे वामन?"

"तुमचाच तं निरोप होता मावशी. बंद पडत आला म्हनून."

"हो, पन थांब. मले आत जाऊ दे आंधी. पसारा हाय."

"पसाऱ्याले मी नवा हाय काय?" असं म्हणेपर्यंत तो उंबरा ओलांडून गेलाही होता.

रेडिओ फळीवर होता. जाईबाईचं अंथरूण अजून उचललेलं नव्हतं, आणि उशी बरोबर त्या फळीखाली होती. बाजूला बॅटरी. तिच्यावर गोधडीचा तुकडा पांघरलेला.

"हे काय? बॅटरी बाळंतीन हाय काय?"

"थंडी पडून राहिली," जाईबाई दारातून म्हणाली. "मले वाटलं, गारठ्यानं मरते."

वामनराव हसत वाकला. आधारासाठी त्यानं रेडिओच्या लाकडी पेटीवर हात टेकला, आणि हसू तिथंच थांबलं. पेटी कोमट होती.

काट्यामागचा दिवा अजून जिवंत होता, विझत्या बिडीएवढा तांबडा. खुंटी सुरू होती, आवाज मात्र पार उतरवलेला. त्यानं पेटीला कान लावला. बॅटरीची वीज वाढवून देणारी पत्र्याची डबी आत गुणगुणत होती. गाणं लागलं की ती कुणाला ऐकूही येत नाही. आता तिच्यात दम उरला नव्हता. तो ऐकत होता तोवरच ती थांबली.

"मावशी, हा रातभर सुरू होता."

जाईबाईनं बादली या हातातून त्या हातात घेतली.

"रोजच?"

"आवाज तं बंद असते."

"आवाज बंद असला तरी बॅटरी खाते ना तो! अन् मी येडा तारा खरवडून राहिलो. मी यायच्या आंधी तुमी खुंटी बंद करून ठेवत होत्या काय?"

"तुले सांगतलं असतं तं तू रातचा बंद ठेवाले लावला असता."

"मंग ठेवा ना बंद! दिवसा गाने आयका, भजनं आयका. महिनाभर काही होत नाई त्याले. नाई तं शेषरावनं सांगतलं हाय, उचलून आना म्हनून."

जाईबाईनं बादली खाली ठेवली. ओले हात लुगड्याला पुसले.

"मंग ने उचलून," ती म्हणाली. "दिवसा मले काय करा लागते त्याचं? दिवसा कोंबड्या हायेत, बाया येतात, काम हाय."

वामनरावनं पेचकस काढला. तो पुसत बसला.

"शेषरावचा बाप घोरे," जाईबाई फळीकडे पाहत म्हणाली. "म्या त्याले कोपरानं ढोसलं असंन हजार बार. मले झोपू दे म्हनून. आता तो नाई, तं झोपच लागत नाई."

वामनरावनं जुनी बॅटरी सोडली, नवी सरकवली, टोकं आवळली. गोधडीचा तुकडा दारात नेऊन झटकला आणि नव्या बॅटरीवर नीट पांघरला. मग खुंटी फिरवली. जरा वेळानं कुणी बाई घरभर गाऊ लागली.

"शेषरावले काय सांगू?"

"सांग, जुना झाला. खाते जास्त."

ती पुढे आली. तिनं हळूहळू खुंटी उलटी फिरवली. गाणारी बाई लांब लांब गेली आणि नाहीशी झाली. जाईबाईनं पेटीला कान लावला.

"हां," ती म्हणाली. "आता लागला."