शेजारची खुर्ची

"नुसतं नाव सांग, मेरी. नवऱ्याचं नाव घ्यायला कसली एवढी लाज?"

मरियमबीनं बाळाच्या तोंडात भाताचा चमचा सारला. अबुधाबीतल्या या बंगल्यात ती आया म्हणून आली, त्याच दिवशी हेलन मॅडमनी तिला मेरी करून टाकलं होतं. नाव कापून सुटसुटीत करणं ही अमेरिकन लोकांची मायाच असते, हे तिला आताशा उमगलं होतं.

"अन्वरीचा बापूस," ती म्हणाली. "आमच्यात असंच म्हणतात. जहाजावर असतो."

"बिचारी," मॅडम म्हणाल्या.

हे तिला चिकटलेलं दुसरं लेबल. या लोकांना लेबलांची भारी हौस. फ्रिजमधल्या डब्यांना लेबलं, तशी माणसांनाही. साहेब म्हणजे 'हनी', बाळ म्हणजे 'पम्पकिन', चक्क भोपळा! आणि मरियमबी 'वन ऑफ द फॅमिली'. फक्त या फॅमिलीतल्या नोकरांना तेल कंपनीचा एक नियम होता. नवरा-बायको एका बंगल्यात कामाला ठेवायचे नाहीत. गेल्या साली, म्हणजे पासष्टला, शेजारच्या बंगल्यातलं एक जोडपं उघडकीला आलं, तर दोघांनाही पहिल्या बोटीनं मुंबईला धाडलं. साहेब-मॅडम स्वतः मात्र रोज सकाळी दारात, ड्रायव्हरदेखत, एकमेकांचा मुका घेणार.

त्या मुक्याचं मरियमबीला काही नव्हतं. ते त्यांचं त्यांना लखलाभ. तिला हेवा वाटायचा तो टेबलाचा. साहेब-मॅडम रोज शेजारी बसून जेवत. मीठ दे, पाणी दे, आज उकाडा किती, असलं काहीबाही बोलत. रत्नागिरीकडच्या तिच्या घरी अन्वरीचा बापूस आधी जेवायचा, ती वाढायची, आणि तो उठला की त्याच ताटात आपला भात घ्यायची. त्यात तिला कधी कमीपणा वाटला नव्हता. पण इथे रोज हे बघून तिच्या मनानं एक खूळ घेतलं होतं. एकदा, आयुष्यात एकदाच, त्याच्या शेजारी बसून जेवायचं.

स्वयंपाकघरात इद्रीस खानसामा कांदा कापत होता. तो तिच्याच गावचा. त्यानंच शब्द टाकून तिला ही नोकरी मिळवून दिली होती. लोकांच्या जिभेला हाड नसतं, म्हणून मरियमबी त्याच्याशी दारातूनच बोलायची.

"शेजारच्या बंगल्यातला मुश्ताक आलाय गावाहून. अन्वरी शाळेत जायला लागली म्हणे."

इद्रीसची सुरी थांबली. "रडली का?"

"पहिल्या दिवशी."

"शिकेल, इन्शाल्ला." त्यानं डोळे बाहीला पुसले आणि पुन्हा कांद्याला हात घातला. "बाई, कालवणाचं मीठ बघता जरा?"

नोव्हेंबरात त्यांचा आभार मानायचा सण आला. त्या दिवशी मॅडमनी जाहीर केलं, आज कुणी वाढपी नाही, आज सगळे एका टेबलावर. हलाल नसलेली टर्की या दोघांना चालायची नाही, म्हणून त्यांच्यासाठी मुद्दाम सुरमईचं कालवण करायला लावलं. बाई मनानं चांगलीच होती. कंपनीचे दोन साहेबही बायकांसह जेवायला आले.

प्रत्येक प्लेटपुढे नावाची चिठ्ठी होती. 'मेरी' लिहिलेली चिठ्ठी 'इद्रीस'च्या शेजारी होती.

मरियमबी खुर्चीच्या कडेवर टेकली. इद्रीस धुतलेला सदरा घालून, अत्तर लावून आला आणि शेजारी बसला. त्याचं कोपर तिच्या कोपरापासून वीतभर लांब. तिनं पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली.

मॅडमचं लक्ष गेलं. त्या लगबगीनं उठून आल्या.

"सॉरी, मेरी. मी कशी विसरले? तुमच्या बायका परक्या पुरुषाशेजारी बसत नाहीत, मी पुस्तकात वाचलंय. इद्रीस, प्लीज, तू त्या टोकाला बसशील?"

"राहू दे," असं मरियमबीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर कंपनीचे साहेब बसले होते.

"ओके, मॅडम," इद्रीस म्हणाला. त्यानं आपली प्लेट उचलली.

रिकाम्या झालेल्या खुर्चीवर मॅडम स्वतः बसल्या आणि त्यांनी मरियमबीच्या पाठीवर हात ठेवला. "आता निवांत जेव हं."

"थँक्यू, मॅडम," मरियमबी म्हणाली, आणि टेबलाच्या त्या टोकाला जाऊन बसलेल्या अन्वरीच्या बापाकडे एकदाही न बघता तिनं भात कालवायला घेतला.