चौथ्या मजल्यावरची खोली

शकीबने पिशवी दारातच ठेवली. "डॉक्टरांनी पट्टी काढलीय. थेंब चार-चार तासांनी. मी निघतो, बंदरावर बोट लागलीय," एवढं बोलून तो जिना उतरूनही गेला.

खोलीत दोन बायका उरल्या. वहीदा, एकोणीस वर्षांपूर्वीपर्यंत त्याची बायको असलेली. आणि नझीमा, आत्ताची.

वहीदा बेटावरून मोतीबिंदू काढायला मालदीवच्या राजधानीत, मालेत आली होती. तीन रात्री मावसबहिणीकडे काढल्या. आज पहाटे तिथे आणखी पाच माणसं उतरली, त्यांतली एक बाळंतीण. मग वहीदाच्या लेकीने बेटावरून बापाला फोन केला. वहीदाला कुणी विचारलंच नाही.

"बसा ना, ताई."

वहीदाने बसायला जागा शोधली. एक पलंग, एक कपाट, फ्रिज, फ्रिजवर मुलींची दप्तरं, आणि मधे दोन पावलं टाकता येतील एवढी फरशी. खिडकी उघडली की शेजारच्या इमारतीची भिंत. खाली गल्लीत मोटारसायकली एकमेकींना घासत चालल्या होत्या.

"मी खाली बसते."

"खाली बसलात तर मला गॅसपाशी जाता येणार नाही," नझीमा म्हणाली. "पलंगावरच बसा. इथे सगळे पलंगावरच बसतात."

वहीदा पलंगाच्या अगदी कडेला टेकली. पिशवीतून तिने औषधाची बाटली काढली, मान वर केली आणि थेंब सोडला. तो गालावर पडला. दुसरा भुवईवर. बाटली तरी केवढीशी.

नझीमाने गॅस बारीक केला. पातेल्यात गरुधिया शिजत होता, माशाच्या रश्श्याचा वास खोलीभर झाला होता. हात धुऊन ती पलंगावर चढली आणि मांडी घालून बसली.

"आडव्या व्हा."

"जमेल मला."

"सांडून संपेल. मग दुकानं हिंडत बसाल."

वहीदा आडवी झाली. पलंग आखूड होता. डोकं ठेवायला नझीमाच्या मांडीशिवाय जागा नव्हती. तिने मान ताठ धरली, सगळा भार टाकलाच नाही.

"डोळा उघडा."

"उघडाच आहे."

"हा नाही, तो."

वहीदाने तो डोळा उघडला. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला एखादा चेहरा स्वच्छ दिसत होता, तोही उलटा. कानाशी पांढरे केस. गालांवर वांग. हनुवटीखाली सैल पडलेली कातडी. तिच्या मनात एकोणीस वर्षं एक बावीस वर्षांची मुलगी होती. रोज भांडायला तीच पुढ्यात यायची.

"तू इतकी वयस्कर कधी झालीस गं?"

"चार मजले चढून," नझीमा म्हणाली. "आणि पाणी वाहून. आमची मोटर महिन्यातून चारदा बंद." तिने थेंब सोडला. तो नेमका पडला. "मिटा आता. पाच मिनिटं हलायचं नाही."

वहीदाने डोळे मिटले. मान हळूहळू जड झाली आणि भार आपोआप त्या मांडीवर गेला. नझीमाने बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाली,

"एक विचारू?"

"विचार."

"तुम्हीच सोडलंत ना त्यांना? ते तसंच सांगतात. तुम्हाला मालेत यायचं नव्हतं, म्हणून तुम्हीच तलाक मागितलात. ते सांगतात, तेवढंच मला माहीत."

त्या दिवशी वहीदा अंगणात मासे वाळत घालत होती. टपालाच्या बोटीतून तलाकचा कागद आला. बेटाच्या कचेरीतल्या माणसाने तो वाचून दाखवला, कारण तिचे हात माशांनी बरबटले होते. तिने काही मागितलं नव्हतं. काय झालं, तेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. ही मुलगी भेटली की तोंडावर काय फेकायचं, ते तिने पुढे हिचं नाव कानावर आलं तेव्हाच ठरवून ठेवलं होतं. शब्द न् शब्द. आता ते ओठांशीच होते.

डोक्याखालची मांडी स्थिर होती. फक्त तिच्यातली एक शीर उडत होती, भराभर. हिचं माहेर कुठे असेल, वहीदाच्या मनात आलं. असलं तरी तिथे पलंग किती असतील? आणि उद्या रागावून ही उठली, तर या खोलीत उठून जाणार कुठे? दोन पावलांवर भिंत.

"हो," वहीदा म्हणाली. "मीच."

नझीमाने श्वास सोडला. तो वहीदाच्या कपाळावर आला.

"का पण?"

"घोरायचा फार."

नझीमाला हसू फुटलं. मांडी हलली, तसं वहीदाचं डोकंही हललं.

"अजून घोरतात," ती म्हणाली. मग तिने कापसाचा बोळा घेऊन वहीदाच्या कानाकडे ओघळलेलं पुसलं. "हे काय?"

"औषध असेल."

नझीमाने कापसाकडे पाहिलं. मग दुसऱ्या डोळ्याकडे, ज्यात औषध घातलंच नव्हतं. तिने तोही पुसला. हात मात्र तिने वहीदाच्या केसांवरच राहू दिला.

दार किलकिलं झालं. शकीब होता. बोट लागलीच नव्हती, की त्याला तिथे राहवलं नव्हतं, कोण जाणे. पलंगावर पाहून तो उंबऱ्यातच थबकला.

"येऊ का?" त्याने विचारलं.

नझीमाने मान वर केली नाही.

"थांबा जरा बाहेर," ती म्हणाली. "इथे जागा नाही."