झोपेची हजेरी

रंगाऱ्याने गादीचं टोक उचलून खालून शर्ट काढला. कालपासून दाबून ठेवल्याने बाह्यांना अशी कडक घडी बसली होती की लॉन्ड्रीवाल्यानेही तोंडात बोटं घालावीत. शर्ट चढवून, भांग पाडून, पिशवी काखोटीला मारून तो निघणार, तेवढ्यात निवाऱ्याची व्यवस्था बघणाऱ्या ताई दारात आल्या. वाट अडवायची त्यांची इच्छा नव्हती, पण दार एकच होतं.

"रंगारीदादा, तासभर थांबता?"

"आज ते गोदामाचं आहे ना, ताई. मालक बारापर्यंतच आहेत. खोलीची चावी त्यांच्याच हातून घ्यायचीय."

हे ताईंना सांगायची गरज नव्हती. पहारेकऱ्याची ही नोकरी त्यांनीच जमवली होती. फाटकाशेजारी एक खोली, तिला स्वतःचं दार, दाराला आतून कडी. 'वेळेचा पक्का माणूस आहे,' असं मालकांना छातीठोकपणे सांगितलंही त्यांनीच.

पण आज पालिकेचे साहेब तपासणीला यायचे होते. बेघरांच्या निवाऱ्याला पालिका पैसे देते ते खाटेमागे. खाटेवर माणूस झोपलेला दिसला तर तिचे पैसे मंजूर, रिकामी दिसली तर वजा. आता माणसं झोपतात रात्री आणि साहेब येतात दिवसा, हा तिढा पालिकेच्या कधी ध्यानात आला नव्हता. त्यामुळे तपासणीच्या दिवशी अख्खा निवारा कामधंदा बुडवून भर उजेडात पांघरुणात शिरायचा. इथला माणूस कामाला लागून, खोली मिळून निघून जावा, यासाठीच तर निवारा होता. पण तो गेला की हिशेबात तोटा दिसे.

"उशी घाला की पांघरुणात," समोरच्या खाटेवरून कंडक्टर म्हणाला. त्याची बस सुटून बरीच वर्षं झाली होती, पण लोकांना जागा करून द्यायची सवय सुटली नव्हती.

"गेल्या वर्षी घातली होती. साहेबांनी नेमकं तेच पांघरूण ओढलं. स्वयंपाकाच्या मावशींना काढावं लागलं." ताईंचा आवाज खाली आला. "यंदा आणखी एक खाट गेली, तर एका वेळचं जेवण बंद होईल, दादा."

रंगाऱ्याने पिशवी खाली ठेवली. "तुम्हाला नाही कसं म्हणू? फक्त मालकांना एक फोन करून ठेवा. उशीर होतोय म्हणून."

"आत्ता करते. तुम्ही पडा निवांत."

निवांत कसला! शर्ट चुरगळू नये म्हणून हात अंगाला चिकटवून तो उताणा पडला आणि पांघरूण त्याने हनुवटीपर्यंत अलगद ओढलं.

"अरे, जरा कुशीला वळ," कंडक्टर म्हणाला. "असा पडलास तर साहेब तुला हयात धरायचे नाहीत!"

सगळी पांघरुणं हसली.

ताईंनी फोन हातात घेतला खरा. तेवढ्यात कोणीतरी सांगत आलं की मोरीचा नळ गळतोय. मग चादरीवर डाग निघाला, मग मागच्या दाराचं कुलूप अडकलं. फोन हातातून टेबलावर कधी गेला, ते त्यांनाही कळलं नाही.

साहेब आले ते जेवण उरकून. दारातच थांबले. रुमाल नाकाला, आणि एक नजर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पांघरूण ओढणं राहू द्या, खाटासुद्धा मोजल्या नाहीत.

"फुल आहे ना?"

"हो, साहेब." मग ताईंना राहवलं नाही. "एकाला मात्र काम मिळालंय. आज जाणार होता तो."

"अरे वा!" साहेबांना खरंच आनंद झाला. पेनाचं टोपण काढत त्यांनी विचारलं, "मग ती खाट रिकामी लिहू?"

एका पांघरुणाखाली कोणीतरी खोकलं. ताईंनी तिकडे पाहिलं नाही.

"नाही, नाही. आहे तो. इथेच आहे."

सही झाली. साहेबांची गाडी वळणापर्यंत पोहोचायच्या आत रंगारी पिशवी घेऊन पळत सुटला होता.

संध्याकाळी तो परत आला. त्याला बघून जो तो काही ना काही शोधायला लागला, कंडक्टर तर खाटेखालीच वाकला. ताई जागच्या हलल्या नाहीत.

"दुसरा ठेवला त्यांनी," रंगारी म्हणाला. "बाराला दारात हजर होता म्हणे." शर्टाची बटणं काढत तो जरा थांबला. "मालक म्हणाले, तुमच्या बाई तर म्हणाल्या होत्या, वेळेचा पक्का आहे."



त्याने शर्ट खाटेवर पसरला आणि तळहाताने एकेक सुरकुती मोडायला लागला. मान वर न करताच म्हणाला, "फोन लागला नसेल."

त्याने विचारलं नव्हतं. नुसतं म्हटलं होतं.

"नाही लागला," ताई म्हणाल्या.

"पत्र्याचं गोदाम आहे. आत रेंज येतच नाही." शर्टाची नीट घडी घालून त्याने इकडेतिकडे पाहिलं. "ताई, जरा हे टोक धरता?"

ताईंनी दोन्ही हातांनी गादी वर उचलून धरली. त्याने शर्ट आत सरकवला, बाह्या सरळ केल्या. कॉलर दुमडली होती, ती पुन्हा बाहेर काढून बसवली. आता त्याला कसलीच घाई नव्हती.

"सोडा आता, ताई," त्याला दोनदा म्हणावं लागलं.